वाचकांचे प्रश्न : नेटवर्किंगची पदवी की दूरसंचाराची? कमी खर्चाचा अभ्यासक्रम निवडताना

या वेळी आलेली बरीच पत्रे संगणक नेटवर्किंग आणि दूरसंचार या विषयांतील पदवी अभ्यासक्रमांविषयी आहेत. लिहिणाऱ्यांची वये आणि परिस्थिती वेगवेगळी असली, तरी अडचण बहुतेकांची एकच आहे : हाताशी पैसे मोजके आहेत आणि माहितीपत्रकांत सगळेच अभ्यासक्रम सारखेच चांगले दिसतात. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे जिथे गरज वाटली तिथे सविस्तर लिहिली आहेत.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण नुकतेच संपले आहे. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत : संगणक नेटवर्किंगमधील उपयोजित पदवी, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी, आणि शेवटच्या वर्षी नेटवर्किंग हा विशेष विषय घेता येणारी संगणकशास्त्राची पदवी. तिन्हींत पहिली सर्वांत स्वस्त आहे. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे तीच घ्यावी असे वाटते. पुढे नोकरी शोधताना या तिन्ही पदव्या सारख्याच धरल्या जातात का?

उत्तर : सारख्या धरल्या जात नाहीत, कारण तिन्हींत शिकवले जाते तेच मुळात वेगळे आहे. म्हणून शुल्काचे आकडे थोडा वेळ बाजूला ठेवून आधी अभ्यासक्रमांच्या आशयाकडे पाहू.

दूरसंचाराचा अभ्यासक्रम हा संदेशवहनाच्या भौतिक बाजूचा अभ्यास असतो. तांब्याच्या तारेतून, प्रकाशतंतूतून किंवा हवेतून जाणारा संकेत वाटेत किती क्षीण होतो, त्यात किती गोंगाट मिसळतो आणि एवढे होऊनही पलीकडच्या टोकाला मूळ माहिती अचूक कशी मिळवायची, हा त्याचा गाभा आहे. त्यामुळे फूरिए विश्लेषण, संभाव्यता, विद्युतचुंबकीय लहरी, मॉड्युलेशन आणि अँटेना हे विषय त्यात टाळता येत नाहीत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात संकेताची शक्ती गोंगाटाच्या शंभरपट असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १३३ मेगाबिट माहिती बिनचूक पाठवता येते. कितीही महागडे यंत्र आणले तरी त्या पट्ट्यात याहून पुढे जाता येत नाही. ही मर्यादा कुठून येते आणि प्रत्यक्षात तिच्या किती जवळ पोहोचता येते, हे समजून घेण्याची ज्याला ओढ आहे, त्याने दूरसंचाराकडे वळावे.

नेटवर्किंगच्या अभ्यासक्रमात संकेत पोहोचतो आहे हे गृहीत धरले जाते आणि पुढचे प्रश्न विचारले जातात. पॅकेटने, म्हणजे माहितीच्या एका छोट्या तुकड्याने, कोणत्या मार्गाने जायचे, एखादा दुवा तुटला तर पर्यायी मार्ग किती वेळात सापडायला हवा, एका विभागातील संगणकांना दुसऱ्या विभागातील माहिती दिसू नये म्हणून काय करायचे, अशा प्रश्नांभोवती हा अभ्यास फिरतो. जाळ्याचे काम तारेपासून वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमपर्यंत सात स्तरांत विभागणाऱ्या ओएसआय प्रतिमानाच्या भाषेत सांगायचे, तर दूरसंचाराचा भर पहिल्या दोन स्तरांवर असतो, नेटवर्किंगचा दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत, आणि संगणकशास्त्राचा त्यावरच्या स्तरांवर.

ही विभागणी पूर्वी होती तितकी काटेकोर आता राहिलेली नाही. चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यापासून आवाजही आयपी (इंटरनेटच्या पद्धतीच्या) पॅकेटमधूनच नेण्याची रचना आली, आणि २०१८ मध्ये मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या रिलीज १५ मधून ठरलेल्या पाचव्या पिढीच्या मानकांत जाळ्याचा मध्यवर्ती भाग सॉफ्टवेअर सेवांच्या स्वरूपात मांडला गेला. त्यामुळे आज दूरसंचार कंपनीतही राउटिंग (पॅकेटचे मार्ग ठरवणे) आणि लिनक्स जाणणारी माणसे लागतात, आणि नेटवर्किंगवाल्यालाही वायफाय नीट चालत नसताना रेडिओ लहरींचे वागणे ठाऊक असावे लागते. तरीही पदवीच्या तीन-चार वर्षांत दोन्ही बाजू सारख्याच खोलीने शिकवणारा अभ्यासक्रम क्वचितच असतो, आणि तसे सांगणाऱ्या माहितीपत्रकाकडे जरा सावधपणे पाहावे.

तुमच्या तिसऱ्या पर्यायाविषयी एक कसोटी सुचवतो. संपूर्ण अभ्यासक्रमातील विषयांची यादी मिळवा आणि त्यांतील किती विषय प्रत्यक्ष नेटवर्किंगचे आहेत ते मोजा. चाळीस विषयांत दोन किंवा तीनच असतील, तर ती संगणकशास्त्राची पदवी आहे, आणि ती त्याच दृष्टीने, म्हणजे प्रोग्रॅमिंगची आवड असेल तर घ्यावी. तिच्यामुळे पुढे वळण्याच्या वाटा सर्वांत जास्त खुल्या राहतात. पण नेटवर्कवर हात बसलेला नसतो आणि तो नंतर स्वतःच्या वेळेत बसवावा लागतो.

राहिली उपयोजित पदवी. तिच्याकडे केवळ स्वस्त म्हणून कमी दर्जाची अशा नजरेने पाहणे मला मान्य नाही. जाळी उभारणे, चालवणे आणि बिघाड शोधणे हे ज्याला करायचे आहे, त्याला ती कामावर लवकर उभे करते. मात्र दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पहिली म्हणजे पुढे पदव्युत्तर अभियांत्रिकी शिक्षण घ्यावेसे वाटले, तर ही पदवी प्रवेशासाठी पात्र धरली जाते का. गणित कमी असल्यामुळे काही विद्यापीठे ती धरत नाहीत किंवा पूरक विषय करायला लावतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा.

प्रयोगशाळेत काय शिकवतात, हे नुसते तासांच्या संख्येवरून कळत नाही. एक उदाहरण देतो. दोन राउटर एकमेकांना जोडून त्यांच्यावर ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल (राउटरनी एकमेकांना मार्ग सांगण्याची ठरलेली पद्धत) सुरू करायचा आणि त्यांची ओळख पटली की प्रयोग संपला, असा सराव बहुतेक ठिकाणी होतो. चांगला शिक्षक त्याच जोडणीत मुद्दाम खोट घालतो : एका बाजूला पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट ठेवतो, दुसऱ्या बाजूला १४००. मग राउटर एकमेकांना दिसतात, लहान आकाराचे पिंगही (जोडणी चालू आहे का हे तपासणारा संदेश) व्यवस्थित जाते, पण ओळख ‘एक्सस्टार्ट’ या अवस्थेत अडकून पडते आणि मार्ग काही शिकले जात नाहीत. सुरुवातीच्या ‘हॅलो’ संदेशात हा आकार कळवला जात नाही, तो त्यानंतरच्या माहितीच्या देवाणघेवाणीत तपासला जातो, हे ज्या विद्यार्थ्याने वायरशार्क या पॅकेट तपासण्याच्या साधनात पॅकेट उघडून स्वतः शोधले, तो ते जन्मभर विसरत नाही. प्रवेशापूर्वी महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला गाठून एवढेच विचारा : तुम्हाला बिघडलेले जाळे दुरुस्त करायला देतात, की फक्त पुस्तकातल्या आज्ञा टाइप करायला? उत्तर पहिले असेल, तर स्वस्त पर्याय निःशंकपणे घ्या.

प्रश्न : मुलीसाठी आम्ही चार महाविद्यालयांची वार्षिक फी कागदावर मांडली. त्यांतले सर्वांत कमी फीचे महाविद्यालय चार वर्षांचे आहे आणि त्याहून जरा महाग असलेले तीन वर्षांचे. काही ठिकाणी क्रेडिटमागे फी आहे, काही ठिकाणी सत्रामागे. या सगळ्यांची तुलना करायची कशी?

उत्तर : वार्षिक फी हा तुलनेचा सर्वांत फसवा आकडा आहे, हे तुमच्याच उदाहरणावरून दिसते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वार्षिक फी १०० भाग धरली, तर एकूण ३०० भाग होतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची ७० भाग धरली, तर २८०. कागदावर दुसरा स्वस्त दिसतो. पण चौथ्या वर्षाचा राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात मिळवला आणि पहिल्या पर्यायात त्याच वर्षी मुलगी कमावू लागलेली असेल हे लक्षात घेतले, की दुसरा पर्याय महाग ठरतो. अर्थात, तीन वर्षांची पदवी जिथे पुढच्या शिक्षणासाठी अपुरी धरली जाते, तिथे हा हिशेब पुन्हा फिरतो.

क्रेडिट म्हणजे अभ्यास किती केला ते मोजण्याचे एकक, आणि त्याचे हिशेब देशागणिक वेगळे आहेत. युरोपातील पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम, आणि पहिली पदवी १८० किंवा २४० क्रेडिटची असते. अमेरिकेत पदवीसाठी सामान्यतः १२० सत्र-क्रेडिट लागतात. त्यामुळे दोन देशांतील ‘क्रेडिटमागे फी’ शेजारी-शेजारी ठेवून काहीच कळत नाही. संपूर्ण पदवीचा खर्च काढूनच तुलना करावी. काही संस्था सत्राची ठोक फी घेतात आणि त्या सत्रात जितके विषय पूर्ण करता येतील तितके करू देतात. १९९७ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी सहा महिन्यांच्या सत्रासाठी अशी पद्धत वापरते. ज्याला विषय आधीपासून येतो आणि जो झपाट्याने पुढे जाऊ शकतो, त्याला ही पद्धत फार स्वस्त पडते. ज्याला प्रत्येक विषयाला वेळ लागतो, त्याला तीच महाग पडू शकते. तुमची मुलगी शाळेतून नुकतीच बाहेर पडली असेल, तर हा पर्याय तिच्यासाठी बहुधा योग्य नाही.

आता फीच्या पावतीवर न दिसणारे खर्च. प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, पुस्तके, पुरेशी स्मृती असलेला लॅपटॉप (आभासी राउटर आणि सर्व्हर एकाच वेळी चालवायचे, तर १६ गिगाबाइट रॅम असलेली बरी) आणि नापास झाल्यास विषय पुन्हा घेण्याची फी, हे सारे लिहून काढा. शिष्यवृत्ती देऊ केली असेल, तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की सर्व वर्षांसाठी आणि टिकवण्यासाठी किती गुण मिळवावे लागतात, हे लेखी मागा. पहिल्या वर्षी अर्धी फी माफ आणि दुसऱ्या वर्षी गणितात थोडे गुण कमी पडले म्हणून पूर्ण फी भरायची वेळ, असे झाले की सगळे गणितच कोसळते.

एक खर्च मात्र इतर सगळ्यांहून मोठा असतो आणि त्याची चौकशी फारसे कोणी करत नाही. तो म्हणजे ठरलेल्या मुदतीत पदवी न मिळण्याचा खर्च. प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण वेळेत पदवी पूर्ण करतात, हे प्रत्येक महाविद्यालयाला विचारा. ज्या ठिकाणी आवश्यक विषय दोन वर्षांतून एकदाच चालवला जातो किंवा प्रयोगशाळेतील जागा अपुऱ्या असल्यामुळे विद्यार्थी सत्र सत्र थांबून राहतात, तिथे कमी फीला अर्थ उरत नाही.

खरोखरच खर्च कमी करणारी एक वाट आहे आणि ती म्हणजे दोन टप्प्यांत शिकणे : आधी कमी फीच्या संस्थेतून दोन वर्षांची पदविका आणि मग विद्यापीठात थेट वरच्या वर्षात प्रवेश. अंतिम पदवी विद्यापीठाचीच मिळते आणि पहिली दोन वर्षे स्वस्तात होतात. या वाटेवर लोक फसतात ते एकाच ठिकाणी. विद्यापीठ ‘तुमची क्रेडिट मान्य’ असे सांगते, पण ती मुख्य विषयांऐवजी ऐच्छिक विषयांच्या खात्यात टाकते; मग विद्यार्थ्याला तेच मुख्य विषय पुन्हा करावे लागतात आणि एक वर्ष वाढते. म्हणून दोन संस्थांमध्ये लेखी करार आहे का आणि पदविकेतील प्रत्येक विषय पदवीतील कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, याचा विषयवार तक्ता आधी हातात घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, मग ते देणारा कितीही मोठ्या पदावर असो.

आणि फी कमी म्हणजे दर्जा कमी, ही भीतीही बाळगू नका. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत पहिल्या पदवीसाठी शिक्षण शुल्क जवळजवळ नसते, आणि तिथल्या अभियांत्रिकी पदव्यांना जगभर मान आहे. तिथे अडचण फीची नसून राहण्याच्या खर्चाची आणि पुष्कळदा भाषेची असते.

प्रश्न : मी नोकरी करतो, घरात लहान मुले आहेत. घरबसल्या ऑनलाइन पदवी घेणे हाच परवडणारा मार्ग आहे. पण प्रयोगशाळेशिवाय या विषयातली पदवी कितपत खरी?

उत्तर : नेटवर्किंगच्या बाबतीत तुमची शंका बऱ्याच अंशी दूर करता येते, दूरसंचाराच्या बाबतीत तितकी नाही.

राउटर आणि स्विच हे शेवटी सॉफ्टवेअर चालवणारे संगणकच आहेत, त्यामुळे त्यांचे वागणे संगणकावर हुबेहूब उभे करता येते. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून चालू आहे आणि तिचे पॅकेट ट्रेसर हे साधन विनामूल्य मिळते. जीएनएस३ वापरून तर उपकरणांचे खरे सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर चालवता येते. वर सांगितलेला ओएसपीएफचा बिघाड रात्री मुले झोपल्यावर तुम्ही जीएनएस३ वर उभा करू शकता आणि सोडवू शकता. अशा अभ्यासातून आलेले कौशल्य मुलाखतीत उघड दिसते आणि ते वर्गात मिळाले की घरी, याने फरक पडत नाही.

दूरसंचाराचे तसे नाही. प्रकाशतंतूचे जोडकाम घ्या. दोन तंतूंची टोके स्वच्छ पुसून, काटकोनात कापून, वितळवून जोडायची असतात आणि जोड चांगला झाला तर त्यात ०.१ डेसिबलपेक्षाही कमी शक्ती वाया जाते. टोक किंचित तिरके कापले गेले किंवा धुळीचा एक कण राहिला, की तोटा कित्येक पटींनी वाढतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर चांगल्या तंतूत किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल शक्ती घटते, म्हणजे ८० किलोमीटरला १६ डेसिबल. त्यात वीसएक जोडांचे एक-दोन डेसिबल, दोन्ही टोकांच्या कनेक्टरचे एखादे डेसिबल आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी राखलेले तीन डेसिबल मिळवले, तर पलीकडच्या ग्राहकयंत्राला संकेत ओळखता येईल का, हा हिशेब घरी करता येतो. पण जोड हाताने करून पाहणे आणि ओटीडीआर या तंतूतील तोटे आणि जोड शोधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तो जोड कुठे, कसा दिसतो हे बघणे घरी होत नाही. स्पेक्ट्रम अॅनालायझर आणि अँटेनाच्या मोजमापांचेही तेच. म्हणून दूरसंचाराची ऑनलाइन पदवी घ्यायचीच असेल, तर वर्षातून काही आठवडे प्रत्यक्ष प्रयोगशाळेत बोलावणारी संस्था निवडा आणि त्या आठवड्यांचा प्रवास, राहणे आणि रजेचा खर्च फीमध्ये मिळवा.

तुमच्यासारख्या नोकरदाराने आणखी एक गोष्ट पाहावी. व्याख्याने ठरावीक वेळेला हजर राहून ऐकायची आहेत, की नंतर सवडीने पाहता येतात? परीक्षा कुठे होते? ‘ऑनलाइन’ म्हणवणाऱ्या कित्येक अभ्यासक्रमांच्या परीक्षा केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात. पदवी आणि तिचे ऑनलाइन स्वरूप तुमच्या देशातील उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेला मान्य आहे का, हे तर पहिली रक्कम भरण्याआधी त्या संस्थेच्याच यादीत पाहायचे, महाविद्यालयाच्या जाहिरातीत नव्हे.

प्रश्न : एका महाविद्यालयाच्या जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय मानांकनप्राप्त’ असे लिहिले आहे. त्याची फी दुसऱ्याहून बरीच जास्त आहे. या मानांकनासाठी जास्त पैसे मोजावेत का?

उत्तर : आधी हे विचारा की मानांकन कोणाला मिळाले आहे. संपूर्ण संस्थेला मिळालेले मानांकन आणि विशिष्ट पदवी अभ्यासक्रमाला मिळालेले मानांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मानांकित असेल, तर तिचा दूरसंचाराच्या पदवीला काही उपयोग नाही.

अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारे काही आंतरराष्ट्रीय करार आहेत. १९८९ चा वॉशिंग्टन करार अभियंत्यांच्या पदव्यांसाठी आहे, २००१ चा सिडनी करार अभियांत्रिकी तंत्रज्ञान पदव्यांसाठी आणि २००२ चा डब्लिन करार तंत्रज्ञांच्या पात्रतेसाठी. संगणनविषयक पदव्यांसाठी २००८ मध्ये सोल करार झाला. तेव्हा दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी साधारणपणे वॉशिंग्टन कराराच्या कक्षेत येते, तर नेटवर्किंगची उपयोजित पदवी बहुधा त्याबाहेर राहते. ती सिडनी किंवा सोल कराराच्या कक्षेत आहे का ते वेगळे पाहावे लागते. ‘आंतरराष्ट्रीय’ या एका शब्दात हे सगळे दडलेले असते. मानांकन ठरावीक वर्षांपुरते असते, हेही विसरू नका. मान्यता कोणत्या वर्षी पदवी घेणाऱ्यांना लागू आहे, ते पाहावे.

जास्त पैसे मोजावेत का, याचे उत्तर तुमच्या बेतावर आहे. परदेशात अभियंता म्हणून नोंदणी करायची असेल किंवा तिथे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असेल, तर मोजावेत. जाळ्यांच्या देखभालीच्या नोकरीत शिरायचे असेल, तर माझ्या मते ते पैसे चांगल्या लॅपटॉपवर आणि एखाद्या व्यावसायिक परीक्षेवर खर्च केलेले बरे.

प्रश्न : माझ्याकडे सीसीएनए हे सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या जोरावर नोकरीही मिळाली आहे. आता पदवीवर पैसे आणि वर्षे घालण्यात अर्थ आहे का?

उत्तर : तुम्ही कुठवर जाऊ इच्छिता, यावर ते आहे. सीसीएनए, तसेच कॉम्पटियाचे नेटवर्क प्लस, ही प्रमाणपत्रे तीन वर्षांसाठी वैध असतात आणि ती मुदत संपण्यापूर्वी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. पदवी एकदा मिळाली की कायमची. व्यवस्थापनाच्या जागा, सरकारी नोकऱ्या, परदेशी कामाचे परवाने आणि पुढचे शिक्षण या चार ठिकाणी पदवीचा रकाना रिकामा असला की अर्ज पुष्कळदा पहिल्याच चाळणीत गळतो, मग हातात कितीही कौशल्य असो. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण ते तसे आहे आणि तुम्ही आत्ता तरुण असताना ते माहीत असणे चांगले.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी की काही विद्यापीठे व्यावसायिक प्रमाणपत्रांबद्दल थेट क्रेडिट देतात. अर्ज करण्यापूर्वी प्रमाणपत्राची मुदत संपलेली नसेल याची काळजी घ्या, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर बहुतेक ठिकाणी क्रेडिट मिळत नाही. शिवाय तुमचा मालक शिक्षणाच्या खर्चात हातभार लावतो का, ते विचारा. लावत असेल, तर त्याबदल्यात किती वर्षे तिथेच काम करण्याचे बंधन येते, तेही करारात वाचा. नोकरी सोडून पूर्णवेळ पदवी घेण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. तुमची कमाई चालू राहणे, हीच तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी बचत आहे.

प्रश्न : स्वस्त महाविद्यालयांत जुनाच अभ्यासक्रम शिकवतात, असे ऐकले. जुना कसा ओळखायचा?

उत्तर : महागड्या महाविद्यालयांतही तो शिकवतात, त्यामुळे ही तपासणी सगळीकडेच करा. अभ्यासक्रमाची प्रत मागवा आणि आयपीव्ही६ (इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देण्याची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) कुठे आहे ते पाहा. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे आणि आयपीव्ही६ चे १२८ बिटांचे असतात. आयपीव्ही४ चा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. इतक्या वर्षांनंतरही आयपीव्ही६ शेवटच्या प्रकरणात ‘भविष्यातील तंत्रज्ञान’ म्हणून येत असेल, तर तो अभ्यासक्रम कोणी मनापासून सुधारलेला नाही. फ्रेम रिले आणि एटीएम या मागे पडलेल्या जाळे-तंत्रांना कित्येक आठवडे दिलेले असतील, तर तीही धोक्याची खूण.

याउलट पायथनमधून उपकरणांची मांडणी करणे, सॉफ्टवेअरने नियंत्रित होणारी जाळी, मेघसेवांमधील नेटवर्किंग आणि जाळ्यांची सुरक्षितता हे विषय असतील आणि त्यांना प्रात्यक्षिके असतील, तर अभ्यासक्रम जिवंत आहे. मात्र नव्या नावांची रेलचेल पाहून भुलू नका. टीसीपी (माहिती पूर्ण आणि क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) गर्दीच्या वेळी आपला वेग कसा कमी करते, बीजीपी मार्ग कसा निवडते आणि सबनेटचा, म्हणजे जाळ्याच्या लहान भागांच्या पत्त्यांचा, हिशेब कसा मांडायचा, हे पक्के नसेल, तर नवे काही टिकत नाही. बीजीपीचा पहिला दस्तऐवज १९८९ चा आहे आणि इंटरनेटवरील मोठी जाळी आजही त्याच प्रोटोकॉलने एकमेकांना मार्ग सांगतात. जुने म्हणून वगळण्याचे आणि जुने असूनही शिकवण्याचे, हा भेद ज्या प्राध्यापकांना कळतो, त्यांच्याकडे शिकावे. अभ्यासक्रमाच्या प्रतीसोबत मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही मिळवा. अभ्यासक्रम कागदावर बदललेला असतो आणि प्रश्नपत्रिकेत तेच जुने प्रश्न फिरत असतात, असे पुष्कळदा दिसते.

प्रश्न : मुलाचे गणित कच्चे आहे, पण दूरसंचाराचीच आवड आहे. प्रवेश घेऊ द्यावा का?

उत्तर : आवड खरी असेल, तर घेऊ द्यावा, पण प्रवेशापूर्वीचे दोन-तीन महिने वाया घालवू नयेत. लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या आणि संभाव्यतेची प्राथमिक ओळख, एवढे त्याने या काळात पक्के करावे. दूरसंचारात पहिल्या वर्षी विद्यार्थी अडतात ते बहुधा याच चार ठिकाणी. डेसिबल म्हणजे लॉगॅरिदमच आहे : ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती जवळजवळ निम्मी, १० डेसिबलची घट म्हणजे एकदशांश. वरच्या उत्तरातील ८० किलोमीटरच्या तंतूचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्या आणि प्रेषकयंत्राची शक्ती १ मिलिवॅट असेल, तर पलीकडे किती पोहोचेल, ते त्याला मिलिवॅटमध्ये काढायला सांगा. तो कंटाळून उठतो की चुकले तरी पुन्हा बसतो, ते पाहून निर्णय घ्या.